राणीसाहेबांचं दुसरं चित्र

बाबा ज्या एका चित्रामुळे ओळखले जातात, त्या चित्रातल्या बाईंना त्यांनी ते काढताना पाहिलंच नव्हतं. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि घराबाहेर कुणालाच नाही.

त्या चित्राची छापील प्रत बाबांच्या कपाटात असते. हिरव्या शालूतल्या तरुण राणीसाहेब खुर्चीत बसल्यात, उजवा हात खुर्चीच्या हातावर टेकलेला, बोटं जराशी सैल. चित्रकलेचे शिक्षक मुलांना तो हात दाखवतात. मी शाळेत असताना एक गृहस्थ पुण्याहून मुलुंडला आमच्या घरी फक्त त्या हाताबद्दल बोलायला आले होते. तासभर बोलले. बाबा मान हलवत ऐकत राहिले. ते गेल्यावर आईने कपबशा उचलता उचलता विचारलं, की मग सांगितलं का त्यांना हात कुणाचा आहे ते. बाबांनी छापील प्रत परत कपाटात ठेवली. हात राणीसाहेबांच्या दासीचा होता.

बाबांचे वडील दक्षिणेकडच्या एका लहान संस्थानात राजवाड्याचे शिंपी होते. राजवाड्यात गोषा होता, म्हणजे राणीवशातल्या बायकांनी परक्या पुरुषाच्या नजरेला पडायचं नाही. शिंप्याने माप घ्यायचा प्रश्नच नव्हता. आतून एक जुनं पोलकं बाहेर यायचं आणि त्यावरून नवं शिवायचं. आजोबांनी जन्मभर अशी मापाच्या पोलक्यावरून पोलकी शिवली. बाबा लहानपणी त्यांच्या बाह्यांवर भरतकामासाठी खडूने वेलबुट्टी काढून द्यायचे. त्यातली एक वेल नव्याने लग्न होऊन आलेल्या राणीसाहेबांच्या मनात भरली. कुणी काढली, म्हणून आतून विचारणा झाली. शिंप्याच्या मुलाने, असं उत्तर गेलं. त्या मुलाला मुंबईला पाठवून चित्रकला शिकवा, असा शब्द राणीसाहेबांनी टाकला, आणि बाबा सोळाव्या वर्षी मुंबईला आले. पाच वर्षं त्यांचं राहणं, खाणं, शिकणं, रंग, कागद सगळं राणीसाहेबांकडून व्हायचं. वर्षाकाठी ते एक चित्र गावी पाठवायचे. आतून निरोप यायचा: सुरेख आहे, असं कळवा.

शिकून परत गेल्यावर राणीसाहेबांचंच चित्र काढायचा हुकूम झाला. चेहऱ्यासाठी बाबांना एक काळापांढरा फोटो मिळाला, लग्नाआधी माहेरी काढलेला. शालू आणि दागिने एका दासीच्या अंगावर घातले आणि तिला खुर्चीत बसवलं. राणीसाहेब त्याच दालनात होत्या, पण चिकाच्या, म्हणजे बांबूच्या कामट्यांच्या, पडद्याआड. फोटोत रंग नव्हते, म्हणून बाबांनी डोळ्यांचा रंग विचारला. दासी खुर्चीतून उठून पडद्याआड गेली, बघून आली आणि म्हणाली, काळे. आणि वर्ण? पुन्हा गेली, पुन्हा आली. केतकी. बाबांनी तसं रंगवलं. दीड महिना त्यांनी पडद्यामागच्या बांगड्यांचा आवाज तेवढा ऐकला. चित्र पुरं झाल्यावर ते आत नेलं गेलं आणि निरोप बाहेर आला: सुरेख आहे, असं चित्रकारांना कळवा.

पुढे संस्थान विलीन झालं, चित्र राजवाड्यातून बाहेर पडून एका प्रदर्शनात आलं, त्याला बक्षीस मिळालं. बाबा मुंबईत स्थिरावले. त्यांना कामं मिळाली ती सगळी फोटोवरून चित्र काढायची. शाळांचे संस्थापक, बँकांचे पहिले अध्यक्ष, कुणाचे वारलेले वडील. लोक पासपोर्टच्या आकाराचा फोटो घेऊन यायचे. बाबा त्यावर पेन्सिलीने बारीक चौकडी आखायचे, कॅनव्हासवर मोठी चौकडी आखायचे आणि एकेक चौकोन इकडून तिकडे न्यायचे. जिवंत माणूस समोर बसवून चित्र काढवून घेणारं गिऱ्हाईक त्यांना फारसं भेटलंच नाही. कधीतरी जेवताना म्हणायचे, "मीही शेवटी मापाच्या पोलक्यावरूनच शिवत राहिलो."

एवढंच म्हणायचे. पण त्या बाईंना एकदा समोर बसवून काढायचं त्यांच्या मनात आहे, हे आईला आणि मला न सांगता कळत होतं. 

चार वर्षांपूर्वी, गणपती नुकतेच उठले होते तेव्हा, एक पत्र आलं. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. माझी शाळा इंग्रजी, त्यामुळे हाताने लिहिलेलं मराठी मी अजूनही शब्दाशब्दाला थांबून वाचते. आईने पत्र माझ्या हातून ओढून घेतलं आणि मोठ्याने वाचलं. राणीसाहेब गुडघ्यांच्या उपचारासाठी घाटकोपरला मुलीकडे आल्या होत्या. दिवाळीच्या आत गावी परतणार होत्या आणि पुन्हा मुंबईला यायचा विचार नव्हता. पुढे लिहिलं होतं, 'पहिल्या चित्रात आम्ही नाही, हे तुम्ही जाणता व आम्हीही. चित्रकारांना सवड असल्यास आमचे एक चित्र आम्हाला बसवून व्हावे. तुम्ही येण्याची तसदी घेऊ नये. आम्ही येऊ.'

बाबांनी पत्र पुन्हा वाचायला सांगितलं. मग उठून बाल्कनीत गेले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "राणी इथे येणार? अहो, आपल्या बाथरूमचं दार नीट लागत नाही."

दार दुरुस्त झालं. हाताची खुर्ची आमच्याकडे नव्हती, ती वरच्या मजल्यावरच्या गुजराती बेनकडून आणली. कोण येणार आहे असं बेनने विचारलं, तेव्हा आईने सांगितलं की ह्यांच्या गावाकडच्या एक बाई आहेत, गुडघे दुखतात त्यांचे. खोटं नव्हतं ते. सहा बैठका ठरल्या, मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी नऊ ते अकरा, कारण आमच्या पुढच्या खोलीत तेवढाच वेळ उजेड एकसारखा राहतो.

त्या रिक्षातून आल्या. मी खिडकीतून पाहत होते. आधी एक म्हातारी बाई उतरली, काटक, काळीसावळी, हातात थर्मास आणि घडी केलेला टॉवेल. मग राणीसाहेबांनी एक पाय खाली ठेवला आणि थांबल्या. पांढरी, अगदी बारीक काठाची साडी, डोक्यावर पदर, गळ्यात मोत्यांचा एकच सर. थांबल्या त्या गुडघा दुखत होता म्हणून, हे मला नंतर कळलं. पण त्या तशा थांबल्या आणि आमच्या सोसायटीचा वॉचमन, जो सेक्रेटरींसाठीही कधी उठत नाही, तो स्टुलावरून उठून उभा राहिला. कशासाठी उठलो हे त्यालाही कळलं नसावं. इकडेतिकडे बघून तो परत बसला.

दारात बाबांनी वाकून मुजरा केला. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. राणीसाहेबांनी मान किंचित लववली. सोबतची म्हातारी मात्र बाबांना निरखून म्हणाली, "मास्तर, क्येस कुटं गेलं वो तुमचं?" मग तिने उजवा हात पुढे केला. बोटं सांध्यांत वाकडी झाली होती. "ह्यो हात वळकला का?"

बाबांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि ओळखला म्हणाले. पुण्याचे गृहस्थ ज्या हाताबद्दल तासभर बोलले होते, तो हात आमच्या दारात उभा होता.

म्हातारीला बोलायची हौस होती. पहिल्या दिवशी चहा पिताना तिने आईला सगळं सांगून टाकलं. अंग तिचं, मुखडा सरकारांचा, आणि बक्षीस मास्तरांना. त्या दीड महिन्यात मांडी आखडून आखडून तिचा जीव गेला होता, आणि सरकार पडद्याआड बसून वरून तिलाच विचारायच्या की नीट बसलीस ना गं. राणीसाहेब हे ऐकत होत्या. त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी तिला थांबवलंही नाही.

बैठकीला मी हजर असायचं असं ठरलं नव्हतं. पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात माझं अभ्यासाचं टेबल आहे, एवढंच कारण. मला लोकांकडे बघायची सवय आहे. मात्र त्यांनी माझ्याकडे बघितलं की मी नजर काढून घेते. पुस्तक उघडं ठेवून बघणं मला उत्तम जमतं, आणि त्या सहा सकाळी मी दुसरं काही केलं नाही.

राणीसाहेब बसायच्या, म्हणजे खरोखर बसायच्या. आमच्या खोलीत ऑक्टोबरचा उकाडा होता. पहिल्याच दिवशी वीज गेली, पंखा बंद पडला, त्यांच्या कपाळावरून घामाचा थेंब निघून भुवईपर्यंत आला, तरी हात उचलला गेला नाही. म्हातारीने उठून टॉवेलाने तो टिपला. खाली मुलं क्रिकेट खेळत होती. चेंडू येऊन खिडकीच्या ग्रिलवर आदळला. मी दचकले, बाबांचा कोळसा कागदावर सरकला, आत आईच्या हातून काहीतरी पडलं. राणीसाहेबांची पापणी लवली नाही. तासाभराने उठताना मात्र त्यांनी खुर्चीचे हात इतके घट्ट धरले, की बोटांची पेरं पांढरी पडली. तेवढा वेळ गुडघे किती दुखत असतील, हे मला तेव्हा समजलं. मी एकोणीस वर्षांची होते आणि वर्गात चाळीस मिनिटं एका जागी बसणं मला शिक्षा वाटायची. इतकं न हलणं मी कुणाचंच पाहिलं नव्हतं. देवळातल्या मूर्तीचं पाहिलं होतं, पण मूर्तीला घाम येत नाही.

दुसऱ्या बैठकीत बाबांनी साडीच्या घड्या, खुर्ची आणि हात घेतले. हात छान उतरले. म्हाताऱ्या माणसाचे हात, शिरा वर आलेले, एका बोटात सैल अंगठी. तिसऱ्या दिवशी चेहरा घेतला. मी टेबलावरून बघत होते. अर्ध्या तासात मला काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. बाबा साडीच्या काठाकडे बघत, पदराच्या टोकाकडे बघत, खुर्चीच्या पाठीकडे बघत, आणि मग कॅनव्हासकडे वळून चेहरा रंगवत. चेहरा भराभर तयार होत होता. नाक, ओठ, हनुवटी. तो कपाटातल्या छापील चित्रातलाच चेहरा होता. फक्त केस पिकवले होते आणि डोळ्यांखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

बाबांना त्यासाठी जुना फोटो समोर ठेवावा लागला नव्हता. तो चेहरा त्यांच्या हातात चाळीस वर्षं होताच.

राणीसाहेबांनी त्या दिवशी निघताना चित्र बघायला मागितलं. म्हातारीच्या खांद्याला धरून त्या चित्रासमोर उभ्या राहिल्या. म्हातारी तोंड उघडणार होती, त्यांनी तिच्या खांद्यावर बोटं दाबली. मग म्हणाल्या, "सुरेख आहे."

बाबा खाली बघत होते. रिक्षा फाटकाबाहेर गेल्यावर ते आत आले, त्यांनी रंग कालवायची सुरी घेतली आणि ओला चेहरा खरवडून काढला. आई दारात येऊन उभी राहिली आणि परत गेली. मला वाटलं की मीही गप्प बसावं. मी बहुतेक वेळा गप्पच बसते. पण फक्त तीन बैठका उरल्या होत्या.

"बाबा, तुम्ही त्यांच्याकडे बघतच नाही," मी म्हणाले.

ते सुरी पुसत राहिले. मग त्यांनी मला सांगितलं. राणीवशाची गाडी रस्त्याने निघाली, की पुढे एक माणूस ओरडत जायचा आणि रस्त्यावरच्या पुरुषांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. ते चार वर्षांचे असताना एकदा वळून बघायला गेले, तर आजोबांनी त्यांचं डोकं धरून भिंतीला टेकवलं होतं. तसंच धरून ठेवलं, गाडी जाईपर्यंत. चुना नाकात गेला होता. गोषा कधीच संपला, राणीसाहेब आता मुलीबरोबर बाजारातसुद्धा जातात, हे सगळं त्यांना कळत होतं. ठरवून वर बघायला जात होते. "डोळे गळ्यातल्या मोत्यांपर्यंत जातात," ते म्हणाले, "आणि तिथून वर सरकत नाहीत. अन्न घातलंय त्यांनी मला."

शुक्रवारी सकाळी पोहे खाता खाता मला म्हणाले, की तू माझ्याशेजारी बस. तू बघ आणि मला सांग. मी काढतो.

मी नाही म्हणायला हवं होतं. अनोळखी बाईला रस्ता विचारायचा तरी मी दहा मिनिटं मनात वाक्य जुळवते. आणि इथे राणीसाहेबांच्या देखत राणीसाहेबांचा चेहरा मोठ्याने सांगायचा, तोही मराठीत. चेहऱ्याच्या निम्म्या भागांची नावं मला मराठीत कधी लागलीच नव्हती.

बाबांनी त्यांना उभं राहून, खाली बघून, आपली अडचण सांगितली. राणीसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. आता त्या रागावतील किंवा निघून जातील, असं मला वाटलं. त्या माझ्याकडे वळल्या. "सांग मुली," त्या म्हणाल्या. "आम्हालाही ऐकू दे. काही गाळू नकोस."

मी स्टूल ओढून बाबांच्या शेजारी बसले. चार हातांवर त्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी सवयीने नजर खाली नेली. मग पुन्हा वर आणली. त्यांनी मला बघू दिलं. हे कसं सांगू ते कळत नाही. एरवी माणसं बघू देत नाहीत, ती लगेच काहीतरी करतात, हसतात, केस सारखे करतात. त्या नुसत्या समोर राहिल्या, जशी टेकडी समोर असते.

मी सुरुवात केली. कपाळ रुंद आहे. मध्ये एक उभी रेघ आहे, ती सरळ नाही, खाली डावीकडे वळते. डावी भुवई उजवीपेक्षा वर आहे. बाबांचा कोळसा चालू लागला. डोळे, मी म्हणाले आणि थांबले. काळे नव्हते ते. मधाच्या रंगाचे होते, आणि बुबुळाभोवती म्हातारपणामुळे आलेलं निळसर राखाडी कडं होतं. मी तसं सांगितलं. म्हातारी भिंतीशी बसून ऐकत होती. "मी त्ये पडद्यामागं अंधारात बगितल्यालं," ती आपल्या बाजूने म्हणाली. बाबांचा हात थांबला. चाळीस वर्षं त्या चित्रात डोळे चुकीच्या रंगाचे होते.

गाल आत गेलेत, मी पुढे सांगितलं. कानाच्या पाळ्या कुड्यांनी ओघळल्यात. हनुवटीवर दोन पांढरे केस आहेत. हे बोलून गेल्यावर माझे कान तापले. राणीसाहेब म्हणाल्या, "तीन आहेत," आणि म्हातारी पदर तोंडाला लावून हसली.

मग नाक आणि ओठ आले. नाकाखालची जागा लांब आहे, मी म्हणाले. वरचा ओठ बारीक आहे, जवळजवळ नाहीच.

"लांब म्हणजे किती?" बाबांनी विचारलं.

"बरीच."

"बरीच हे काय माप झालं? नाकाच्या निम्म्याने? पाऊण?"

मला सांगता येईना. मी बोटांनी एवढं म्हणून दाखवलं. बोटं बघून त्यांनी रेघ ओढली. मी म्हणाले, नाही, याहून थोडं कमी. त्यांनी पुसलं, पुन्हा ओढली. मी म्हणाले, आता जास्त कमी झालं. बाबा चिडले. चित्र नीट उतरत नसलं, की ते समोर कोण आहे ते विसरतात. मी लहानपणी त्यांच्याकडे चित्रकला शिकायला बसायचे, तेव्हाही अशाच रेघेवरून ओरडा खायचे. "अगं, तुला बघायला बसवलंय की झोपायला?" असं म्हणून त्यांनी कोळसा ठेवून ब्रश उचलला, उलटा धरला, हात ताठ पुढे केला, एक डोळा मिटला, आणि ब्रशाच्या दांड्यावर अंगठा सरकवत माप घेतलं. नाकाच्या टोकापासून ओठापर्यंत. मग ओठापासून हनुवटीपर्यंत. मग भुवई ते भुवई.

बाबा बघत होते. मोत्यांच्या वर, सरळ चेहऱ्याकडे, एका डोळ्याने. त्यांनी हात खाली केला आणि दुसरा डोळाही उघडला. आपण काय करतोय ते तेव्हा त्यांना कळलं असावं, कारण ब्रश त्यांच्या हातात तसाच राहिला. पण नजर खाली गेली नाही.

खाली गेली ती राणीसाहेबांची. ज्यांची पापणी चेंडूने लवली नव्हती, त्यांनी मान वळवली. उजवा हात खुर्चीवरून उठला आणि पदराचा काठ कपाळावरून पुढे ओढू लागला. म्हातारीचं हसणं थांबलं. मला वाटलं, झालं, आता संपलं सगळं. चाळीस वर्षांनी एक जण बघू शकला, तर दुसऱ्याला बघून घेणं जमेना.

"राणीसाहेब," बाबा म्हणाले. आवाज मऊ नव्हता. फोटोतल्या माणसांशी काम करताना ते असे स्वतःशी बोलतात. "मान वर. उजेडाकडे. हलू नका."

संस्थानात असं कुणी त्यांच्याशी बोललं नसेल. राणीसाहेबांचा हात पदरावर होता, तो हळूहळू खाली आला आणि खुर्चीवर पूर्वीच्या जागी बसला. मान वर आली. त्यांनी बाबांकडे बघितलं आणि बघत राहिल्या.

त्यानंतर मला कुणी काही विचारलं नाही. अकरा वाजले, उजेड सरकला, तरी बाबा थांबले नाहीत, आणि त्यांनीही थांबा म्हटलं नाही. आईने दारातून दोनदा डोकावलं. दुसऱ्यांदा ती तिथेच उंबऱ्याशी खाली बसली, हातात लाटणं तसंच. खोलीत ब्रशाचा आवाज होता आणि खालच्या मुलांचा. मी शाळेत जेवढ्या प्रार्थना म्हटल्या, त्यातल्या एकाही वेळी मला आजूबाजूला काही घडतंय असं वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं.

पाचव्या आणि सहाव्या बैठकीत चेहरा पुरा झाला. तो सुंदर म्हणावा असा नव्हता. डावी भुवई वर, रेघ वाकडी, वरचा ओठ जवळजवळ नाहीच. बाबांना तो आवडला की नाही, ते मला कळेना. शेवटच्या दिवशी त्यांनी रंगाची पाटी बाजूला ठेवली, हात पुसले, आणि कधी नव्हे ते माझ्याकडे बघून विचारलं, "त्याच आहेत ना?" मी हो म्हणाले. पण मी त्यांना तीनच आठवडे ओळखत होते. माझ्या हो म्हणण्याला काय अर्थ?

म्हातारीने राणीसाहेबांना धरून उठवलं. त्या चित्रासमोर आल्या. मग त्यांनी म्हातारीच्या खांद्यावरचा हात काढून घेतला आणि आधाराशिवाय उभ्या राहिल्या.

"ह्या आमच्या आईसाहेब आहेत," त्या म्हणाल्या.

कुणालाच काही कळलं नाही. त्यांनी हळू आवाजात सांगितलं. लग्न होऊन त्या सासरी आल्या तेव्हा त्यांच्या आईसाहेब पन्नाशीच्या पुढे होत्या. माहेरी आईसाहेबांचा फोटो कुणी काढला नव्हता, चित्रही नव्हतं. नंतर वर्षादोन वर्षांत त्या गेल्या. आपण त्यांच्यासारख्या दिसतो, असं राणीसाहेबांना कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि आरशात त्यांना तसं दिसलंही नव्हतं. ही भुवई, हा ओठ. बाबांनी त्या बाईंना कुठून पाहिलं असणार? त्यांनी समोरची बाई काढली होती, एवढंच.

राणीसाहेबांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चित्राला मुजरा केला. गुडघे दुखत असताना पूर्ण खाली वाकून, तीनदा. बाबा चित्राच्या अगदी लगत उभे होते. तो मुजरा आपल्याकडे यायला नको म्हणून ते झटकन दोन पावलं बाजूला झाले आणि माझ्या टेबलाला अडखळले. त्यांचा चेहरा मी पाहिला. माझ्या हो म्हणण्याने जे झालं नव्हतं, ते आता झालं होतं.

चित्र वाळायला निदान पंधरा दिवस तरी लागतील, मग ते सांभाळून गावी पाठवतो, असं बाबांनी सांगितलं. राणीसाहेब दुसऱ्या दिवशीच निघणार होत्या. त्या म्हणाल्या, आईसाहेबांना इथे ठेवून आम्ही कसं जायचं? बाबांनी रंग ओला आहे, कापड गुंडाळता येणार नाही, असं परोपरीने सांगितलं. शेवटी वॉचमनने रिक्षा आणली. राणीसाहेब आत बसल्या, शेजारी म्हातारी, आणि ओलं चित्र म्हातारीने मांडीवर उभं धरलं, कडांना फक्त बोटांच्या टोकांनी. रंग अंगाला लागू नये म्हणून पाठ आपल्याकडे आणि तोंड बाहेर.

बाबा रिक्षाबरोबर फाटकापर्यंत गेले. रस्त्यावरच्या इस्त्रीवाल्याने मान वर करून पाहिलं, दूध घेऊन येणाऱ्या दोन बायका थांबल्या, शाळेतून परतणारी मुलं रिक्षाच्या बाजूने पळत पळत वाकून बघू लागली. बाबांनी कुणालाही हटकलं नाही. रिक्षा स्टेशन रोडकडे वळेपर्यंत राणीसाहेबांचा चेहरा मुलुंडच्या त्या सगळ्या माणसांकडे सरळ बघत होता, आणि बाबा फाटकात उभे राहून त्याच्याकडे.